थोडक्या पैशांत घर सजविताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण, पुढे लिहून काढले तसे)



चिटणीसबाई महिन्यापूर्वी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे घर आम्हाला आवडते. थोडक्या पैशांत घर कसे सजवावे, यावर चार शब्द बोला." मी म्हटले, "अहो, माझे घर सजलेले नाही, ते सावरलेले आहे." तर त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा." तेव्हा आज मी जे सांगणार आहे, त्यातले निम्मे माझ्या चुकांचे आहे, हे आधीच कबूल करते. पुस्तकी ज्ञान माझ्यापाशी नाही. मात्र पेठेतल्या गल्लीबोळांची ओळख आहे, आणि पेन्शनीत घर चालविण्याची सवय आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणी वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या. आम्हीही २०१६ साली आलो. वाडा पाडला, त्या जागी इमारत उभी राहिली आणि दुसऱ्या मजल्यावर आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. नव्या घराचा आनंद मोठा होता. भिंती सरळ, फरशी गुळगुळीत, नळाला पाणी. बिल्डरने भिंतींना आणि दारांना एकच क्रीम रंग दिला होता. आम्हाला वाटले, किती स्वच्छ दिसते!

मग सजावटीचा विचार सुरू झाला. कोणीतरी एक सजावटकार सुचविला. ते गृहस्थ आले, मोजमापे घेतली, रंगीत चित्रे दाखविली आणि साडेपाच लाखांचा आकडा सांगितला. सगळे घर फिकट ठेवा म्हणजे मोठे दिसेल, असे त्यांचे मत होते. आकडा ऐकून आमचे हे गप्प बसले. मी मात्र मोहात पडले. निदान बैठकीची खोली तरी करून घेऊ म्हणून तीस हजार रुपये आगाऊ दिले. गृहस्थ त्यानंतर दोनदा आले, एकदा फळ्यांचे नमुने ठेवून गेले, आणि पुढे त्यांचा फोन लागेना. कागदावर काही लिहून घेतलेले नव्हते. तीस हजार गेले ते गेलेच. भगिनींनो, एवढे एक लक्षात ठेवा. काम लहान असो की मोठे, काय करणार, कोणत्या मालात करणार, किती दिवसांत करणार, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, आणि पैसे कामाच्या टप्प्याटप्प्याने द्यावेत. शेवटचा हप्ता दारे-खिडक्या उघडून मिटून पाहिल्यावर. ओळखीचा माणूस असला तरी हे करावे. ओळखीचा असला तर अधिकच करावे.

पण माझी खरी चूक ती नव्हे.

सासूबाई त्यावेळी चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. वाड्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. कोणता उंबरा उंच, कोणता खांब कोठे, रात्री उठल्यावर किती पावलांवर चौक, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. डोळे अधू झाल्याचे आम्हाला कळले नाही, कारण त्या डोळ्यांनी चालतच नव्हत्या. नव्या घरात आल्यावर त्या रात्री बोळात उभ्या राहू लागल्या. स्वयंपाकघराचे दार उघडीत, कपाटाचे उघडीत. आम्ही म्हणत असू, वय झाले, आता असे व्हायचेच. एके दिवशी पहाटे मी उठले तर त्या बोळाच्या भिंतीशी बसलेल्या. लुगडे भिजलेले. किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे. मला पाहून पदराने तोंड झाकून घेतले आणि म्हणाल्या, "दार सापडले नाही गं."

डॉक्टरांनी सांगितले, मोतीबिंदू आहे, आणि नजर अशी झाली आहे की क्रीम भिंतीतले क्रीम दार त्यांना वेगळे दिसतच नाही. त्यांच्या दृष्टीने तो बोळ म्हणजे नुसती एक सलग भिंत. आणि मी त्या दिवसापर्यंत पडद्याच्या रंगाची चिंता करीत होते!

त्याच आठवड्यात आमच्या घराची खरी सजावट सुरू झाली. अर्धा लीटर तैलरंगाचा डबा आणला, गेरूच्या रंगाचा. न्हाणीघराचे दार पॉलिशपेपरने घासले, प्राइमरचा एक हात दिला आणि वर रंगाचे दोन. दार सात फूट उंच आणि तीन फूट रुंद धरले तर एका बाजूचे एकवीस चौरस फूट होतात. अर्ध्या लीटरमध्ये ते सहज भागले. हँडलवर पांढरी फीत गुंडाळली. उंबऱ्याच्या कडेला गडद पट्टी लावली. बोळात पायाच्या उंचीवर एक लहानसा दिवा. खर्च हजाराच्या आत. दुसऱ्या रात्री सासूबाई उठल्या, बोळात आल्या, आणि थेट त्या दाराशी गेल्या. मी अंथरुणात जागीच होते. परत येताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आमच्या वाड्याचे दार."

आमच्याकडे येणारे पाहुणे आजही विचारतात, एकच दार लाल का? सासूबाई २०२१ साली गेल्या. दार तसेच आहे.

तेव्हा घर सजवायचे म्हटले की मी आधी विचारते, घरात कोण कोण राहते, आणि कोणाला कशाचा त्रास होतो? अभ्यासाला बसणाऱ्या मुलाच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडते का? स्वयंपाक करताना तुमची पाठ दिव्याकडे असते का? पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता ऊन कोणाच्या अंगावर येते? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी खरेदी आपोआप रद्द होते.

आता मदत कोठे मिळते ते सांगते. मदत पुष्कळ आहे, फक्त ती काचेच्या दुकानात बसलेली नसते.

प्रथम रंगारी. दिवाळीच्या आधी सगळ्या पुण्याला रंग हवा असतो. तेव्हा रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर घाई करतात, आणि पावसाळ्याची ओल भिंतीत तशीच असते. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, वर्षभरात पापुद्रे निघतात. ओल कोठून येते ते आधी शोधावे, गळती बंद करावी, भिंत सुकू द्यावी. जानेवारी-फेब्रुवारीत काम काढले तर रंगारी निवांत भेटतो आणि भाव करायला तोच तयार असतो. किती रंग लागेल हे दुकानदाराला विचारू नका, स्वतः मोजा. दहा बाय बारा फुटांची खोली, उंची दहा फूट. चार भिंतींचा घेर चव्वेचाळीस फूट, म्हणजे चारशे चाळीस चौरस फूट. दारे-खिडक्यांचे साठ-सत्तर वजा करा. डब्यावर किती चौरस फूट भरतात ते लिहिलेले असते, ते एका हाताचे की दोन हातांचे हे वाचून भागाकार करा. छताला साधा पांढरा रंग पुरतो. आणि रंग निवडताना कागदावरचा चौकोन पाहून निवडू नका. लहान डबी आणून भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवा, सकाळी, दुपारी आणि दिव्यात पहा. माझ्या जावेने कार्डावरचा हिरवा पसंत केला आणि भिंतीवर आला तेव्हा खोलीत शेवाळ धरल्यासारखे वाटू लागले.

दिव्यांचे म्हणाल तर छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावला की सगळी माणसे आजारी दिसतात. त्याऐवजी कोपऱ्यात एक, वाचण्याच्या खुर्चीपाशी एक, असे लहान पिवळसर दिवे लावावेत. नऊ वॅटचा एलईडी साधारण पूर्वीच्या साठ वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो, तेव्हा तीन लावले तरी बिलाला भीती नाही. वायर, होल्डर, बटणे यांसाठी तपकीर गल्ली. जोडणी मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. येथे काटकसर नको.

आता सुतार. एका फळीच्या कामासाठी सुतार येत नाही आणि आला तर दिवसाची मजुरी घेतो. त्यात त्याचे चूक नाही. आम्ही आमच्या जिन्यातल्या चौघींनी एक केले. कोणाला काय हवे ते लिहिले. मला चपलांचे कपाट, शेजारी नातवासाठी अभ्यासाचे टेबल, वरच्या मजल्यावर देव्हाऱ्याखालची पेटी, चौथीला स्वयंपाकघरात दोन फळ्या. प्लायवूडची पूर्ण फळी आठ फूट बाय चार फूट असते, बत्तीस चौरस फूट. एकट्या घराने घेतली तर निम्मी वाया जाते. आम्ही चौकटीच्या कागदावर सगळे तुकडे बसविले आणि भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून चौघींची मिळून फळी आणली. सुतार सहा दिवस लागोपाठ एकाच जिन्यात काम करीत राहिला. त्याचे येणे-जाणे वाचले, आमची मजुरी वाटली गेली, आणि दुपारचा चहा पाळीपाळीने. आणखी एक, ओलाव्याच्या जागी, म्हणजे मोरीजवळ आणि स्वयंपाकघरात, आय.एस. ७१० असा शिक्का असलेले पाण्यात टिकणारे प्लायवूड घ्यावे. पुस्तकांच्या कपाटाला ते घेणे म्हणजे पैसे उधळणे, तेथे आय.एस. ३०३ चे साधे चालते. दुकानदार सगळीकडे भारीच सुचवितो.

लाकडावरून आठवले. वाडा सोडताना आम्ही सासूबाईंचे सागवानी फडताळ भंगारवाल्याला नऊशे रुपयांना दिले. नव्या घरात ते कोठे ठेवणार, असे मीच म्हटले होते. पुढे वर्षभराने जुन्या बाजारात गेले, तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तेथे तशाच फडताळाची नुसती दोन दारे पाहिली. भाव विचारला आणि मुकाट्याने परत आले. पैशांचे तितके वाटले नाही. सासूबाई अधूनमधून विचारीत, "माझे फडताळ कोठल्या खोलीत ठेवले?" त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. झोपाळ्याची फळी तेवढी माळ्यावर वाचली होती. तिला त्याच सुताराने चार पाय लावले आणि दाराशी बाक झाला. चपला घालायला बसण्यासाठी त्यासारखी जागा नाही. ज्यांचे वाडे अजून पडायचे आहेत त्यांना माझे सांगणे आहे, भंगारवाला दाराशी आला की त्याला उद्या ये म्हणा. एक रात्र जाऊ द्या.

पडद्यांसाठी शिवलेले तयार पडदे घेण्याची गरज नाही. खिडकी चार फूट रुंद असेल तर गज पाच फुटांचा धरा, कापड त्याच्या निदान पावणेदोन ते दोनपट हवे, नाहीतर पडदा ओढला की चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. साडेचार ते पाच फूट पन्ह्याचे दोन पडदे त्याला बरोबर होतात. उंचीत वर-खाली दुमडीसाठी नऊ-दहा इंच जास्त. सुती कापड असेल तर आधी भिजवून घ्या, आटते. ऑक्टोबरात गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारात सूट असते, तेव्हा जाडसर खादी घेऊन ठेवावी. सोलापुरी चादर पलंगावर सगळेच घालतात, पण जुन्या कोचाला तिचीच खोळ शिवली तर कोच आणखी पाच वर्षे काढतो. आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या! त्या पेटीत का ठेवता? आपल्या मंडळातल्या दोघीतिघींच्या हातचे टाके असे आहेत की भिंतीवर लावावे. गोधडी भिंतीवर टांगायची तर मागे कापडाची नळी शिवून त्यातून काठी घालावी, खिळे ठोकू नयेत.

पश्चिमेच्या खिडकीसाठी मी बुरूड आळीत बांबूचा चिक करायला टाकला. सहा बाय पाच फूट. बाईने अठराशे सांगितले. मी घासाघीस करून चौदाशेवर आणले आणि घरी येऊन सगळ्यांना ती फुशारकी सांगितली. पहिल्याच पावसात चिकाची दोरी कुजून तुटली. तक्रार घेऊन गेले. ती बाई कांब सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "ताई, बांबू सोलायला दोन दिवस जातात, ते काही कमी करता येत नाहीत. चारशे रुपये तुम्ही पाडले, ते मी दोरीत पाडले." मी काय बोलणार? चारशे दिले, नायलॉनची दोरी घालून घेतली, आणि तो चिक आजही आहे. तेव्हापासून मी भाव असा करते की आधी विचारते, या पैशांत काय येते आणि काय येत नाही. आपण काटकसर करावी, जरूर करावी. पण ती आपल्या हौसेतून करावी, दुसऱ्याच्या मजुरीतून करू नये, असे मला आता वाटू लागले आहे. कोणाचे मत निराळे असेल तर चहाच्या वेळी मला अवश्य सांगावे.

विचार सुचत नाहीत, असे काहीजणी म्हणतात. त्यांनी एक दुपार काढून राजा केळकर संग्रहालयात जावे. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, गावोगाव हिंडून घरातल्याच वस्तू जमविल्या. दिवे, अडकित्ते, दारे, भांडी, पेट्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांचा थाट पहायला जाऊ नका. साध्या माणसाने साधा दिवासुद्धा किती मन लावून घडविला होता ते पहा. कोनाड्याची उंची, पेटीची कडी, रंगाशी रंग कसा ठेवला आहे, हे वहीत टिपून आणा. मी तेथूनच शिकले की एका भिंतीवर एकच वस्तू ठेवावी. नाहीतर आपल्या घरात शंख, मोराचे पीस, कॅलेंडर, नातवाचे बक्षीस आणि गोव्याहून आणलेली होडी एकाच फळीवर दाटीने उभी असतात.

शिवाय आजकाल मुली अंतर्गत सजावटीचे शिक्षण रीतसर घेतात. शेजारची नात दुसऱ्या वर्षाला होती. तिने टेपने आमचे घर मोजले, चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे सहा इंच असा नकाशा काढला आणि पलंग, कपाट, टेबल यांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून दिले. आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी संध्याकाळभर ते तुकडे सरकवीत बसलो. शेवटी कळले की कपाट नुसते समोरच्या भिंतीला नेले की खिडकी मोकळी होते. खर्च काही नाही, हमालाचे तीनशे रुपये. त्या मुलीला मात्र जेवायला घालून बोळवू नका. तिचे काम आहे, तिला पैसे द्या. मी पंधराशे दिले.

थोडे मागचे सांगते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा मी सहा वर्षांची होते. शनिवार पेठेतले आमचे घर चिखलाने भरले. पुढे काही काळ आम्ही पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या निसेन हटमध्ये राहिलो. पालथ्या नळकांड्यासारखी ती खोली, भिंती बाकदार. तसबीर टांगली की ती भिंत सोडून पुढे लोंबायची. पुरातून आजोबांची एकच तसबीर हाती लागली होती, काच फुटलेली. आईने दोन पत्र्यांच्या जोडाला दोरी बांधली, एक जुनेर उभे ताणून सरळ भिंत केली, आणि त्या लुगड्याच्या भिंतीवर टाचणीने तसबीर लावली. खाली गेरूने दोन बोटे पट्टा ओढला. शेजारपाजारच्या बायका पहायला येत. काही दिवसांनी रांगेतल्या बऱ्याच घरांत लुगड्याच्या भिंती झाल्या. त्यावेळी मला ती गंमत वाटे. आई तेव्हा तीस वर्षांचीही नव्हती, आणि घरात आम्हा सर्वांचे मिळून चार भांडी आणि दोन घोंगड्या होत्या.

हे सांगण्याचे कारण, मघाशी मी गेरूच्या रंगाचा डबा आणला म्हणाले ना, तो दुकानात मी सहज निवडला असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

वेळ संपत आली, चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत. एक व्यवहाराचे राहिले. आपल्या मंडळात शिवणयंत्र असलेल्या नऊजणी आहेत, दोघींना रंगकाम येते, एकीचे यजमान निवृत्त वायरमन आहेत. त्यांची यादी करून फळ्यावर लावावी, आणि ज्या कामाला जी मजुरी तीही लिहावी, म्हणजे संकोच राहणार नाही. भिंतीला भोके पाडण्याचे यंत्र आणि रंगाचा घोडा माझ्याकडे आहे. ज्यांना लागेल त्यांनी घेऊन जावे. वहीत नाव लिहावे, आठ दिवसांत परत आणावा, आणि आणताना घोड्याच्या पायांचा रंग पुसून आणावा. गेल्या वेळी कोणी नेला होता ते मी येथे सांगत नाही, पण तो जांभळा होऊन आला.